एआरएम ६४-बिट प्रोसेसरवर सिस्टीम कॉलचा मागोवा : तोरणमाळसारख्या दुर्गम भागातील अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर अकराशे मीटरहून अधिक उंचीवर तोरणमाळचे पठार वसलेले आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने सातपायरीचा वळणाचा घाट चढून तेथे जावे लागते. यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीला भरणारी गोरखनाथाची यात्रा यांमुळे हे ठिकाण सर्वपरिचित आहे. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा परिसर जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. या डोंगराळ भागातून शहादा, तळोदा किंवा नंदुरबार येथील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणारा विद्यार्थी आठवड्यातून ठरावीक तासच प्रयोगशाळेतील संगणकासमोर बसतो. उरलेला वेळ आणि सुट्टीचा सर्व काळ त्याच्या हाताशी असलेले एकमेव संगणकीय साधन म्हणजे बहुधा त्याचा मोबाइल फोन होय.

प्रयोगशाळेतील संगणकात प्रायः इंटेल किंवा एएमडी कंपनीचा प्रोसेसर असतो. त्याच्या रचनेला एक्स८६-६४ असे म्हणतात. खिशातील फोनचा प्रोसेसर मात्र जवळजवळ नेहमीच एआरएम रचनेचा, आणि अलीकडच्या फोनमध्ये ६४-बिट एआरएम रचनेचा असतो. दोन्ही ठिकाणी मुळाशी लिनक्सचेच कर्नल कार्यरत असते. अँड्रॉइड ही प्रणालीदेखील लिनक्स कर्नलवरच उभारलेली आहे. असे असूनही 'ऑपरेटिंग सिस्टीम' या विषयाच्या प्रात्यक्षिक वहीत सिस्टीम कॉलसंबंधी जे क्रमांक आणि ज्या रजिस्टरांची नावे उतरवून घेतलेली असतात, त्यांतील जवळपास एकही गोष्ट फोनवर लागू पडत नाही. वहीत लिहिलेला चार ओळींचा असेंब्ली प्रोग्राम फोनवर चालत नाही, आणि 'हे मोबाइलवर होत नाही' अशी विद्यार्थ्याची समजूत होते. ही समजूत निराधार आहे. सिस्टीम कॉलचा मागोवा घेण्याचे प्रात्यक्षिक फोनवर उत्तम प्रकारे करता येते. त्यासाठी ६४-बिट एआरएम रचनेचे संकेत तेवढे ठाऊक असावे लागतात. प्रस्तुत लेखात या संकेतांचे आणि मागोव्याच्या यंत्रणेचे विवेचन केले आहे.

सिस्टीम कॉल : एकच वाट

कोणताही सामान्य प्रोग्राम बेरीज, तुलना, पुनरावृत्ती ही कामे स्वतः करू शकतो. परंतु फाईल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, अधिक मेमरी मागणे, दुसऱ्या संगणकाशी जोडणी करणे ही कामे करण्याचा अधिकार त्याला नसतो. हा अधिकार कर्नलचा. प्रोग्रामने कर्नलकडे करावयाच्या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. पायथ्याच्या गावातून पठारावर जायचे तर घाटरस्त्यानेच जावे लागते, तशी प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामध्ये प्रोसेसरने एक निश्चित वाट आखून दिलेली असते. या वाटेवर चौकी बसवली की खालून वर काय गेले आणि वरून खाली काय आले, याची संपूर्ण नोंद मिळते. प्रोग्रामचा मूळ मजकूर उपलब्ध नसतानाही तो नेमके काय करतो हे जाणण्याचा हा मार्ग आहे.

विनंती करताना प्रोग्रामला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणते काम हवे (त्याचा क्रमांक), कशावर हवे (त्याचे घटक), आणि आता कर्नलने ताबा घ्यावा हा इशारा. क्रमांक कोठे ठेवायचा, घटक कोठे ठेवायचे आणि इशाऱ्याची सूचना कोणती, हे तिन्ही मुद्दे प्रोसेसरच्या रचनेनुसार बदलतात.

प्रात्यक्षिक वह्यांत आजही आढळणारा नमुना ३२-बिट इंटेल रचनेचा आहे. त्यात क्रमांक ईएएक्स रजिस्टरमध्ये ठेवून ८० (षोडशमान) क्रमांकाचा इंटरप्ट दिला जातो, आणि लिहिण्याच्या 'राइट' कॉलचा क्रमांक ४ असतो. ६४-बिट इंटेल रचनेत क्रमांक आरएएक्समध्ये जातो, घटक आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर-१०, आर-८ आणि आर-९ या क्रमाने ठेवले जातात, इशाऱ्यासाठी 'सिसकॉल' नावाची स्वतंत्र सूचना असते, आणि त्याच 'राइट'चा क्रमांक १ होतो. ६४-बिट एआरएम रचनेत ही मांडणी अधिक सुटसुटीत आहे. क्रमांक एक्स-८ या रजिस्टरमध्ये, सहा घटक एक्स-० पासून एक्स-५ पर्यंत ओळीने, आणि इशाऱ्यासाठी 'एसव्हीसी' ही सूचना. कर्नलचे उत्तर एक्स-० मध्येच परत येते. काम फसल्यास त्याच जागी उणे चिन्हासह त्रुटीचा क्रमांक येतो.

हा बदल केवळ मोबाइलपुरता मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजेच सी-डॅकच्या, 'परम' मालिकेकडे पाहिले तरी याची प्रचिती येते. १९९१ चा 'परम ८०००' ट्रान्सप्युटरवर आधारित होता, १९९८ चा 'परम १००००' सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्कवर, तर २००३ चा 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरवर. बारा वर्षांत एकाच संस्थेच्या यंत्रांनी तीन वेगळ्या रचना अंगीकारल्या. स्पार्क आणि पॉवर या रचनांमध्ये कर्नलला हाक देण्याच्या सूचना आणि क्रमांक ठेवण्याची रजिस्टरेही परस्परांपासून भिन्न आहेत. याच संस्थेने अलीकडे हाती घेतलेला 'एयूएम' हा प्रोसेसर एआरएमच्या निओव्हर्स व्ही-१ गाभ्यावर बेतलेला आहे. म्हणजे डोंगरातील विद्यार्थ्याच्या हातातील फोन आणि राष्ट्रीय पातळीवर योजलेला महासंगणकाचा प्रोसेसर, या दोहोंचा सिस्टीम कॉलचा संकेत एकच असणार आहे.

क्रमांकांचा घोटाळा

एआरएमची ६४-बिट रचना २०११ मध्ये जाहीर झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.७ या आवृत्तीत तिचा समावेश झाला. नवीन रचनेला जुन्या प्रोग्रामांचे ओझे वाहण्याची गरज नव्हती. त्यामुळे तिच्यासाठी इंटेलची वा ३२-बिट एआरएमची यादी न घेता लिनक्सची 'सर्वसाधारण' यादी स्वीकारण्यात आली. पुढे आलेल्या रिस्क-व्ही या मुक्त रचनेनेही हीच यादी घेतली. तेथे क्रमांक ए-७ या रजिस्टरमध्ये ठेवतात आणि 'ईकॉल' ही सूचना देतात, एवढाच फरक. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच रिस्क-व्ही रचनेचे आहेत.

या यादीतील काही क्रमांक इंटेलच्या ६४-बिट यादीशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. एआरएमवर ५६ म्हणजे 'ओपनॅट', अर्थात फाईल उघडणे. इंटेलवर ५६ म्हणजे 'क्लोन', अर्थात नवी प्रक्रिया निर्माण करणे. एआरएमवर ५७ म्हणजे 'क्लोज', इंटेलवर 'फोर्क'. एआरएमवर ६३ म्हणजे 'रीड'. इंटेलवर 'युनेम', म्हणजे यंत्राचे नाव विचारणे. एआरएमवर ६४ म्हणजे 'राइट', इंटेलवर 'सेमगेट'. फाईल उघडा, वाचा, लिहा, बंद करा, असा साधा क्रम करणाऱ्या एआरएम प्रोग्रामचे क्रमांक कोणी इंटेलच्या कोष्टकाने वाचू लागला, तर तो प्रोग्राम प्रक्रियांमागून प्रक्रिया जन्माला घालत आहे असा भलताच निष्कर्ष निघेल. गंमत अशी की ३२-बिट एआरएमवर 'राइट'चा क्रमांक ४ च आहे, जुन्या ३२-बिट इंटेलप्रमाणेच. त्यामुळे एखाद्या जुन्या ३२-बिट यंत्रावर वहीतील क्रमांक योगायोगाने जुळतो आणि गैरसमज अधिकच पक्का होतो.

दुसरा फरक गाळलेल्या नावांचा आहे. ६४-बिट एआरएमवर 'ओपन', 'फोर्क', 'ॲक्सेस', 'पोल', 'सिलेक्ट' हे जुने कॉल अस्तित्वातच नाहीत. त्यांच्या जागी 'ओपनॅट', 'क्लोन', 'फॅक्सेसॅट', 'पीपोल', 'पीसिलेक्ट-६' हे व्यापक कॉल आहेत, कारण जुन्यांचे काम नव्यांकडून करवून घेता येते. सी भाषेत प्रोग्रामकर्ता 'ओपन' असेच लिहितो. त्याचे 'ओपनॅट' करण्याचे काम लायब्ररी परस्पर करते. (२०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून ग्नू सी लायब्ररी इंटेलवरही हेच करते. तेथे 'ओपनॅट'चा क्रमांक २५७ आहे.) मागोव्यात 'ओपन' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडत नाही, याचे कारण हे.

तिसरा फरक फारसा कोणी ध्यानात घेत नाही, पण तो सर्वांत फसवा आहे. फाईल उघडताना दिलेल्या काही खुणांची मूल्येही रचनेगणिक बदलतात. अष्टमान पद्धतीतील ०४०००० हे मूल्य एआरएमवर 'ही डिरेक्टरीच असली पाहिजे' अशी अट घालते, तर इंटेलवर तेच मूल्य 'मधला साठा टाळून थेट डिस्कशी व्यवहार कर' असे सांगते. हाताने क्रमांक बदलून प्रोग्राम दुसऱ्या रचनेवर नेऊ पाहणाऱ्याला येथे ठेच लागते, कारण कॉल बरोबर असतो, घटकांचा क्रम बरोबर असतो, आणि तरीही फाईल उघडत नाही.

मागोव्याची यंत्रणा

सिस्टीम कॉलचा मागोवा घेणारे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे 'एस्ट्रेस'. (देवनागरीत 'स्ट्रेस' असे लिहिल्यास वाचकाला मानसिक ताणाची आठवण होते, म्हणून हे लेखन.) पॉल क्रानेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सनओएस प्रणालीसाठी लिहिले, ब्रँको लँकेस्टर यांनी लिनक्सवर आणले आणि १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखा एकत्र केल्या. आज त्यात विविध रचनांच्या क्रमांकांची कोष्टके अंतर्भूत आहेत. म्हणूनच ते क्रमांकाऐवजी नाव दाखवू शकते.

एस्ट्रेस स्वतः कोणतीही जादू करत नाही. ते कर्नलच्या 'पीट्रेस' या सिस्टीम कॉलचा आधार घेते. ही सोय युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७५ पासूनची आहे. एस्ट्रेस लक्ष्य-प्रोग्रामला आपल्या देखरेखीखाली घेते. त्यानंतर तो प्रोग्राम प्रत्येक सिस्टीम कॉलच्या वेळी दोनदा थांबतो : कर्नलमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. प्रत्येक थांब्यावर एस्ट्रेस रजिस्टरे वाचते, गरज पडल्यास प्रोग्रामच्या मेमरीतून मजकूर उचलते, ओळ लिहिते आणि प्रोग्रामला पुढे सोडते. या दुहेरी थांब्यांमुळे मागोव्याखाली चालणारा प्रोग्राम लक्षणीय संथ होतो. वेळेचे मोजमाप करताना हे विसरता कामा नये.

एआरएमवर या यंत्रणेचे दोन विशेष आहेत. इंटेलवर कर्नल मूळ क्रमांक एका वेगळ्या जागी जपून ठेवते आणि उत्तर आरएएक्समध्ये देते. पहिला घटक असलेले आरडीआय रजिस्टर अबाधित राहते. ६४-बिट एआरएमवर पहिला घटक आणि उत्तर यांची जागा एकच, म्हणजे एक्स-०. बाहेर पडतानाच्या थांब्यावर पाहिले तर पहिला घटक पुसला गेलेला असतो. त्यामुळे शिरतानाच तो टिपून ठेवणे मागोवा घेणाऱ्या साधनाला भाग पडते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून स्वतःचे छोटे 'एस्ट्रेस' लिहिण्याचे ठरवले तर त्याची पहिली चूक बहुधा येथेच होईल.

दुसरा विशेष असा की हा थांबा शिरतानाचा आहे की बाहेर पडतानाचा, हे सांगण्यासाठी कर्नल एक्स-७ या रजिस्टरमध्ये तात्पुरते ० किंवा १ ठेवते आणि थांबा संपताच मूळ मूल्य परत करते. एक्स-७ मध्ये कोणताही घटक जात नसल्याने यात नुकसान होत नाही. २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.३ पासून थांब्याची ही माहिती सरळ मागून घेण्याची सोय झाली आहे. सर्व रचनांवर ती एकाच पद्धतीने मिळत असल्याने अशा युक्त्यांवर विसंबण्याची गरज पुष्कळशी कमी झाली आहे.

६४-बिट फोनपैकी अनेकांवर ३२-बिट प्रोग्रामही चालतात. अशा वेळी एकाच यंत्रावर दोन याद्या नांदत असतात. 'ओपनॅट' हा ६४-बिट प्रोग्रामसाठी ५६, तर ३२-बिट प्रोग्रामसाठी ३२२. क्रमांकाचे रजिस्टरही तेथे एक्स-८ ऐवजी आर-७. कर्नलने पाठवलेल्या रजिस्टर-संचाच्या आकारावरून एस्ट्रेस ही प्रक्रिया कोणत्या जातकुळीची आहे हे ओळखते.

देवनागरी मजकुराचा मागोवा

फोनवर हे प्रात्यक्षिक करण्यासाठी 'टर्मक्स' नावाचे ॲप वापरता येते. त्यात सी भाषेचा कंपायलर आणि एस्ट्रेस ही दोन्ही पॅकेजे मिळतात, आणि फोन रूट करण्याची, म्हणजे त्याचे कुलूप तोडण्याची, आवश्यकता नसते. पॅकेजे एकदा उतरवून घेतली की पुढचे सर्व काम इंटरनेटवाचून होते. डोंगरउतारावर सर्वत्र सारखी रेंज नसलेल्या भागासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

'तोरणमाळ, नंदुरबार' अशी एक ओळ छापणारा प्रोग्राम घ्यावा. त्याचा मागोवा घेतल्यावर सुरुवातीला 'एक्झेकव्हीई' ही ओळ दिसते, आणि तिच्यामागोमाग 'ओपनॅट', 'एममॅप', 'एमप्रोटेक्ट' अशा अनेक ओळी. यांतील कोणतीही विद्यार्थ्याने लिहिलेली नसते. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी शोधून मेमरीत बसवण्याचा तो खटाटोप असतो. नवशिक्याने या गर्दीने गोंधळून न जाता शेवटाकडून वाचत यावे, हे उत्तम. शेवटी 'एक्झिट-ग्रुप' आणि त्याच्या आधी 'राइट' सापडते.

येथे पहिला धक्का बसतो. 'राइट'च्या ओळीत 'तोरणमाळ' दिसत नाही. दिसतात ते तिरप्या रेषांनी विभागलेले ३४० २४४ २४४, ३४० २४५ २१३ असे आकडे. एस्ट्रेस इंग्रजी वर्णमालेबाहेरचा प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यांत दाखवते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ३४० २४४ २४४ म्हणजे 'त', ३४० २४५ २१३ म्हणजे ओकाराची मात्रा, ३४० २४४ २६० म्हणजे 'र', असे वाचत जाता येते. 'तोरणमाळ' या शब्दात मात्रा आणि काना धरून सात चिन्हे आहेत, म्हणून एकवीस बाइट. पुढे स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांचे दोन, 'नंदुरबार'ची आठ चिन्हे म्हणजे चोवीस, आणि ओळ संपल्याची खूण एक. एकूण अठ्ठेचाळीस. 'राइट'चे उत्तर म्हणून मागोव्याच्या ओळीअखेर ४८ हाच आकडा येतो. हा हिशेब फळ्यावर मांडून मग फोनवर पडताळून पाहणे, हे वर्गात अर्ध्या तासाचे चांगले प्रात्यक्षिक होते.

दुसरा धक्का असा की ओळ अपुरी दिसते. एस्ट्रेस मूळच्या मांडणीत मजकुराचे पहिले बत्तीस बाइटच दाखवते आणि पुढे तीन टिंबे देते. इंग्रजी मजकुराला बत्तीस अक्षरे मिळतात, देवनागरीला जेमतेम दहा चिन्हे. वरील उदाहरणात 'तोरणमाळ, नंद' एवढाच भाग दिसतो. मजकूर 'तोरणमाळ जि. नंदुरबार' असा असता, तर बत्तिसावा बाइट 'न' या चिन्हाच्या मधोमध आला असता आणि शेवटी एक अर्धवट, न वाचता येणारा तुकडा उरला असता. प्रोग्रामने मजकूर तोडला असा समज येथे होण्याची दाट शक्यता असते. वस्तुतः प्रोग्रामने पूर्ण मजकूर लिहिलेला असतो. तोडले ते दाखवणाऱ्या साधनाने. 'एस' हा पर्याय देऊन ही मर्यादा वाढवता येते. फाईलच्या नावांना मात्र ही मर्यादा लागू नाही. ती नेहमी पूर्ण दाखवली जातात, आणि पुढील उदाहरणात त्याचाच उपयोग होतो.

'दऱ्या' नावाची न सापडणारी फाईल

मराठी वापरकर्त्याला छळणारी एक अडचण मागोव्यावाचून उलगडणे कठीण असते. समजा, एका विद्यार्थ्याने तोरणमाळ परिसरातील दऱ्यांची माहिती 'दऱ्या' नावाच्या फाईलमध्ये साठवली. यादीत फाईल दिसते, पण प्रोग्राम म्हणतो की अशी फाईल नाही. नाव पुन्हा पुन्हा ताडून पाहिले तरी अक्षरांत काहीही फरक दिसत नाही.

मागोवा घेतल्यावर 'ओपनॅट'च्या ओळीत नाव आकड्यांत दिसते आणि अखेरीस उणे १ व 'ईनोएंट', म्हणजे 'अशी फाईल वा डिरेक्टरी नाही', ही त्रुटी येते. डिरेक्टरीची यादी देणाऱ्या प्रोग्रामचा मागोवा घेतला की त्याच फाईलचे प्रत्यक्ष साठवलेले नाव आकड्यांत मिळते. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. एका ठिकाणी 'द'नंतर ३४० २४४ २६१ आणि ३४० २४५ २१५ येतात; म्हणजे मराठीसाठी युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दिलेला 'ऱ' आणि त्याला जोडलेले हलन्ताचे चिन्ह. दुसऱ्या ठिकाणी ३४० २४४ २६०, ३४० २४५ २१५ आणि ३४२ २०० २१५ येतात. म्हणजे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पहिले नाव पंधरा बाइटांचे, दुसरे अठरा बाइटांचे. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' असेच उमटतात.

हा दोष कोणा एकाचा नाही. युनिकोडच्या आरंभीच्या काळात 'र्‍य'मधील अर्धा र दाखवण्यासाठी जोडचिन्हाची पद्धत रूढ झाली. पुढे स्वतंत्र 'ऱ'वर आधारलेली पद्धत सुचवली गेली आणि जुन्या मजकुरासाठी पहिलीही चालू राहिली. वेगवेगळे कळफलक आजही वेगवेगळी रूपे निर्माण करतात. लिनक्सच्या फाईल-प्रणाली सर्वसाधारणपणे नावाची तुलना बाइटास बाइट लावून करतात. अक्षर कसे दिसते याच्याशी कर्नलला कर्तव्य नसते. युनिकोडमध्ये ही दोन रूपे समतुल्य म्हणूनही नोंदलेली नाहीत, त्यामुळे प्रमाणीकरणाची नेहमीची प्रक्रिया केली तरी ती एक होत नाहीत. 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'शेतकऱ्यांची यादी', 'कर्मचाऱ्यांचे वेतन' अशा नावांच्या फाईलींबाबत कार्यालयांतून ही अडचण नेहमीच संभवते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण मिळणार नाही, कारण त्या भाषेला हा प्रश्नच पडत नाही. 'ईनोएंट' ही त्रुटी शिकवण्यासाठी मराठी वर्गात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

फोनवरील मर्यादा

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक दिला जातो आणि पीट्रेसची परवानगी देताना कर्नल तो तपासते. टर्मक्समधून चालवलेल्या स्वतःच्या प्रोग्रामचा मागोवा घेता येतो. फोनवरील अन्य ॲपला हात लावू पाहिल्यास नकार मिळतो. एखाद्या बँकेच्या ॲपवर पाळत ठेवण्याचे हे साधन होऊ शकत नाही, हे पालकांना आणि सहकारी प्राध्यापकांना आवर्जून सांगावे लागते, कारण 'मागोवा' या शब्दाने शंका उत्पन्न होतात.

आणखी एक मर्यादा २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून आली. सामान्य ॲपना न लागणारे काही सिस्टीम कॉल कर्नलच्या पातळीवरच गाळले जातात. असा कॉल करणारा प्रोग्राम 'सिगसिस' हा संकेत मिळून तत्काळ बंद पडतो. प्रयोगशाळेतील संगणकावर सुरळीत चाललेला प्रोग्राम फोनवर काही न सांगता बंद पडला तर हे कारण तपासावे. मागोव्याची शेवटची ओळ त्या संकेताची असते आणि तीत नाकारलेल्या कॉलची व रचनेची नोंदही मिळते. तो अर्थातच एआरएमच्या यादीनुसार वाचायचा असतो.

जोडणीच्या समस्येतही हाच उपाय कामी येतो. 'इंटरनेट चालत नाही' या एका वाक्यात किमान तीन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याचे काम अँड्रॉइडची लायब्ररी स्वतः न करता प्रणालीतील एका सेवेवर सोपवते. म्हणून मागोव्यात आधी 'डीएनएसप्रॉक्सीडी' नावाच्या स्थानिक सॉकेटशी 'कनेक्ट' (क्रमांक २०३) झालेले दिसते. प्रोग्राम त्यानंतरच्या वाचनावर अडकून राहिला असेल, तर पत्त्याचाच शोध लागलेला नाही. पत्ता आकड्यांत दिलेला असून 'कनेक्ट' तत्क्षणी 'ईनेटअनरीच' या त्रुटीने परतले, तर फोनला त्या क्षणी जाण्याची वाटच उपलब्ध नाही. आणि बराच काळ थांबून 'ईटाइम्डआउट' आले, तर वाट होती, परंतु पलीकडून उत्तर आले नाही. घाटाच्या वळणांवर रेंज ये-जा करत असताना या तिन्ही स्थिती अनुभवास येणे शक्य असते. त्रुटींचे हे क्रमांक (ईनेटअनरीच १०१, ईटाइम्डआउट ११०) इंटेल आणि एआरएम या दोन्हींवर सारखे आहेत. भेद सिस्टीम कॉलच्या क्रमांकांत आहे, त्रुटींच्या नाही.

मागोव्याची नोंद 'ओ' या पर्यायाने फाईलमध्ये साठवता येते आणि विद्यार्थी ती प्राध्यापकांकडे तपासणीस पाठवू शकतात. मात्र प्रोग्रामने वाचलेले आणि लिहिलेले सर्व काही त्या नोंदीत उतरत असते. कळफलकावरून दिलेला पासवर्ड 'रीड'च्या ओळीत जसाच्या तसा असतो. तो देवनागरीत असला तरी अष्टमान आकड्यांतून वाचता येतो. अशी नोंद पाठवण्यापूर्वी त्या ओळी काढून टाकाव्यात, किंवा 'ई' हा पर्याय देऊन केवळ फाईल उघडण्याचे कॉलच नोंदवावेत. 'दऱ्या'सारखी अडचण शोधण्यास तेवढे पुरते.